नफा निम्मा, वारा दोघांचा

पहिला मंडप शिडाच्या कापडाचा होता.
भंगारात निघालेल्या मचव्याचं शीड,
कासम दर्ज्यानं उसवून, उकळून, पुन्हा शिवलेलं.
तरी उभादांड्याच्या नवरीला हळद लागताना
अख्ख्या वऱ्हाडाला बांगड्याचा वास येत राहिला.
पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर नोंद आहे :
वासाचे पंधरा रुपये वजा.

ते अक्षर माझं नाही. माझं सातव्या वहीपासून.
कामाला लागले तेव्हा वाटलं, हिशेब पैशांचा असतो.
इथं तो खुर्च्यांचा होता.
तीनशे बारा गेल्या, तीनशे नऊ आल्या.
उरलेल्या तीन कुठे, ते सगळ्या वेंगुर्ल्याला ठाऊक.
एक मीच पाहिली पोस्टमास्तरांच्या पडवीत,
पाठीवरचं हिरवं 'मो. आणि द.' अर्धवट खरवडलेलं.
लवू मोचेमाडकर तिच्यावर बसून चहा पिऊन आला.
"बरी आसा," म्हणाला,
"पाय डुगडुगत होतो, सारको करून इलंय."

करार म्हणून काही नाही.
एसटी पार्सलच्या पावतीमागे कासमभाईंची एक ओळ,
खाली दोन सह्या, साल चौऱ्याहत्तर :
नफा झाला तर निम्मा, वारा झाला तर दोघांचा.

वारा झाला.
शिरोड्याला, दशावताराच्या रात्री,
राजानं तलवार उपसली आणि कनात उठली,
माडांच्या शेंड्यांवरून थेट खाडीत.
पास्कूनं गॅसबत्ती छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी.
राजा तलवार टाकून दोराला लोंबकळला,
दोराच्या दुसऱ्या टोकाला राक्षस होताच.
नाटक पहाटेपर्यंत चाललं, उघड्या आभाळाखाली.
भाडं मागायला दोघांपैकी कोणीच गेलं नाही.
गाव आपणहून आला, नारळांची गाडी घेऊन.

मग जनरेटर आला आणि भांडण आलं.
अकरा दिवस एकाच गोदामात पाठीला पाठ.
निरोप पास्कूमार्फत :
"त्याला सांग सुंभ संपलं."
"त्याला सांग मला दिसतंय."
बाराव्या दिवशी चर्चच्या फेस्ताचं काम.
जांभ्यात पहार वाजेना, खांब हलेना,
लवूनं खांब धरला, कासमभाईंनी दगड ठोकला
आणि पास्कूला पुन्हा नुसतं बत्तीचं काम उरलं.

उरूस, जत्रा, बारशी, सभा,
एकाच दिवशी दोन विरोधी पक्षांच्या सभा,
तीच झालर, सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे.
आवडूमावशीचे झाप पावसाळ्याआधी येत,
त्यांचे पैसे चतुर्थीनंतर जात,
आणि तिनं कधी विचारलं नाही, आम्ही कधी विसरलो नाही.
वाळूत खांब ठरत नाहीत.
डालड्याच्या डब्यांत वाळू भरून त्यांत ते उभे करायचे, ही युक्ती तिची.

कासमभाई गेले तेव्हा कडक ऊन होतं.
कबरस्तानाबाहेर लवूनं एकट्यानं कनात बांधली,
जुन्या शिडाचा उरलेला तुकडा मधोमध.
त्या दिवशीची ओळ मी वहीत कोरी सोडली.
अजून कोरी आहे.

परवा पन्नास वर्षं झाली.
शाहीननं, कासमभाईंच्या लेकीनं, बजावलं :
आज आपण पाहुणे, मंडप कुडाळच्या शिरसाटांचा.
आमची सगळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून
हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखी बसली.
भाषणं चालू असताना लवू उठला.
"हो खांब कोणी उभो केल्यान रे?"
ब्याऐंशीव्या वर्षी, नव्या धोतरात,
गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला.
शिरसाटांचा पोरगा खजील होऊन शेजारी उभा.
"गाठ घट्ट नको," लवू त्याला सांगत होता, "खरी व्हयी.
वाऱ्यात ऱ्हवात आणि एका ओढीत सुटात, अशी.
कासमान शिकवलेली."
शाहीननं माइक बंद केला आणि दोराचं दुसरं टोक धरलं.

शिरसाटांच्या वहीत आज असेल :
दोनशे गेल्या, एकशे नव्व्याण्णव आल्या.
ती आमच्या गोदामात आहे, निळी, दाराशी.
कोणी आणली, ते मी विचारलं नाही.
पाय जरा डुगडुगतोय.